सायकलने देश ओलांडायचा आहे, घरचे गाडी घेऊन सोबत: नियोजन कसं करावं?

दूरवाट

नमस्कार मंडळी,

देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत साधारण ३३०० किमी सायकलने जायचं ठरतंय. सायकल मी एकटाच चालवणार. बायको गाडी घेऊन सोबत असेल, गाडीत वडील (वय ६८) आणि मुलगी (वय ११). सामान सगळं गाडीत, म्हणजे सायकल हलकी राहील. रोज ११० किमी धरून ३० दिवसांचा हिशेब मांडलाय. रस्ते बहुतेक पक्के आहेत, मध्ये दोन मोठे घाट लागतात. सायकल ११ स्पीडची, डिस्क ब्रेक, ३२ मिमी टायर.

मुख्य प्रश्न असे: गाडी माझ्या मागोमाग ठेवावी की पुढे? सुटे भाग नेमके कोणते आणि किती घ्यावेत? रोज सहा-सात तास सीटवर बसायचं तर खाणंपिणं आणि शरीर कसं सांभाळावं? आणि महिनाभर घरच्यांवर ताण येऊ नये म्हणून आधी काय ठरवून ठेवावं?

चौथा गिअर

आधी हिशेबाबद्दल. ३३०० भागिले ११० बरोबर ३० हे गणित बरोबर आहे, पण ते फक्त सायकल चालवण्याच्या दिवसांचं झालं. सहा दिवस चालवून एक दिवस विश्रांती धरली तर चार दिवस वाढतात. पाऊस, ताप, गाडीचं काम, अडलेला रस्ता यांसाठी तीन दिवस मोकळे ठेवा. म्हणजे ३७ दिवस. रजा ३० दिवसांचीच असेल तर अंतर कमी करा किंवा टप्पे बदला, पण मोकळे दिवस कापू नका. ते कापले की पहिल्याच अडचणीनंतर रोज १३०-१४० किमी ओढावे लागतात आणि गुडघे तिथेच जातात.

पहिले पाच दिवस ८० ते ९० किमीच ठेवा. कितीही सराव केला असला तरी रोज उठून पुन्हा सीटवर बसायची सवय शरीराला पहिल्या आठवड्यातच लागते. घाटाच्या दिवशी ७०-८० किमी पुरे. दर ५०० मीटर उंचीला अर्धा ते पाऊण तास जास्त धरा. दिवस किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजा, कारण वारा सगळं गणित फिरवतो. सपाटीवर ताशी २५ ने जाणाऱ्याच्या अंगावर ताशी २० किमीचा वारा आला, तर तेवढ्याच ताकदीत तो १५-१६ वर येतो. साडेचार तासांचं अंतर मग सात तास घेतं. म्हणून साडेसहा तास चाकं फिरली की दिवस संपला असा नियम करा, अंतर पूर्ण होवो न होवो.

आता गाडी. मागोमाग अजिबात नको. ताशी २० ने चालणाऱ्या गाडीमागे वाहनं तुंबतात. त्यांना पुढची सायकल दिसत नाही. ती वैतागून गाडीला ओलांडतात आणि चटकन आपल्या लेनमध्ये परत घुसतात, नेमकी तिथेच सायकल असते. म्हणजे जी गाडी संरक्षणासाठी ठेवली तीच धोका तयार करते. शिवाय दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच घासतो, इंजिन तापतं आणि चालवणारा माणूस दोन दिवसांत मेटाकुटीला येतो.

गाडीने पुढे जाऊन थांबायचं. सपाटीवर दर २५-३० किमीला, चढावर किंवा कडक उन्हात दर १०-१५ किमीला. थांबायची जागा निवडण्याचे काही नियम आहेत:

- रस्त्याच्या पूर्ण बाहेर, आणि सायकल ज्या बाजूने येते त्याच बाजूला. बाटली घ्यायला रस्ता ओलांडावा लागता कामा नये.
- वळणावर किंवा उताराच्या मध्यात नाही. उतारावर ब्रेक दाबून थांबणं धोक्याचं, आणि मिळवलेला वेगही वाया जातो.
- घाटात गाडी माथ्यावर उभी करा. घामाने भिजलेल्या अंगाने उतरायला लागलं की पाच मिनिटांत हुडहुडी भरते आणि बोटं ब्रेकवर नीट वळत नाहीत. माथ्यावर कोरडा बनियन आणि वाऱ्याचं जाकीट हातात मिळायला हवं.
- आतल्यांनी रस्त्याच्या बाजूचं दार उघडायचं नाही. मुलीला हे पहिल्याच दिवशी पक्कं सांगा.
- चालत्या गाडीतून बाटली देणं नाही.

गाडी दिसली की पाय आपोआप थांबतात, आणि पाच मिनिटांचा थांबा वीसचा होतो. दिवसात असे सहा थांबे झाले की दीड तास गेला. त्यामुळे दोनच लांब थांबे ठेवा, २५ मिनिटांचे. बाकीचे पाच मिनिटांत संपवायचे: भरलेल्या दोन बाटल्या, खिशात टाकायचं खाणं आणि कचऱ्याची पिशवी सायकल पोहोचायच्या आधी बॉनेटवर मांडून ठेवलेली असावी.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितोय. असे प्रवास अर्धवट सुटतात ते बहुतेक वेळा सायकलवाल्याच्या पायांमुळे नाही, तर गाडी चालवणारा माणूस थकल्यामुळे. तुमचं काम एकच असतं, पेडल मारणं. गाडीत बसलेल्याला वाट शोधणं, थांबणं, वाट बघणं, पाणी, इंधन, खरेदी, कपडे धुणं, मुक्कामाची जागा, वडील, मुलगी, आणि वर तुमची काळजी. म्हणून नियोजन करताना आधी बायकोच्या दिवसाचं वेळापत्रक लिहा, आणि उरलेल्या जागेत तुमचं बसवा.

अ‍ॅलनकी

सुट्या भागांबद्दल लिहितो. गाडी सोबत आहे म्हणून सायकलवर काहीच ठेवायचं नाही, हा विचार बदला. गाडी २५ किमी पुढे असते आणि मध्ये नेटवर्क नसतं. सायकलवर कायम हवं: दोन ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पॅच, छोटा पंप, मल्टिटूल (चेन तोडायच्या पिनसह), चेनची जोडकडी एक, फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. सोबत फोन, ओळखपत्र, थोडी रोकड, मागचा लाल दिवा, दोन बाटल्या आणि तासाभराचं खाणं. बाटल्यांतलं पाणी सोडून सगळं मिळून दीड-दोन किलो भरतं, तेवढं चालतं.

गाडीत:

- टायर २, ट्यूब ६
- ११ स्पीडच्या चेन २, जोडकड्या ३
- डिस्क पॅडचे ४ जोड
- गिअरची केबल २, थोडी आउटर, म्हणजे केबलचं बाहेरचं आवरण (हायड्रॉलिक ब्रेक नसतील तर ब्रेकची केबलही)
- तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर २ (डिरेलर म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग)
- स्पोक, निपलसह: मागच्या चाकाच्या कॅसेटच्या (दातेरी चकत्यांच्या संचाच्या) बाजूचे ४, दुसऱ्या बाजूचे २, पुढचे २
- क्लीट (बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायचे तुकडे) आणि त्यांचे स्क्रू
- स्पोक की, कॅसेट काढायचं टूल आणि चेन व्हिप, चेन गेज, टॉर्क रेंच, प्रेशर मीटरचा उभा पंप

जमलं तर मागचं तयार चाक एक, कॅसेट आणि डिस्कसह. स्पोक रात्री निवांत बसवता येतो, पण दुपारी दोन वाजता चाक बदलून पुढे निघणं केव्हाही बरं.

काही गोष्टींची कारणं सांगतो, म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही.

हँगर हा मागचा डिरेलर धरून ठेवणारा मऊ धातूचा छोटा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम आधी वाकेल असा बनवतात. प्रत्येक फ्रेमला तो वेगळा लागतो, त्यामुळे वाटेतल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. आणि तो पडल्यामुळे जितका वाकतो तितकाच गाडीत सायकल चुकीच्या कुशीवर ठेवल्यामुळेही वाकतो. सायकल आडवी ठेवताना चेनची बाजू कायम वर, तिच्यावर बॅग नाही. वाकलेल्या हँगरची खूण: सर्वांत सोप्या गिअरवर टाकलं की डिरेलर स्पोकांना घासल्याचा टिक-टिक आवाज येतो. आवाज आला की लगेच थांबा, कारण पुढच्या चढावर तो चाकात ओढला गेला तर डिरेलर, स्पोक आणि हँगर तिन्ही जातात.

गाडीत घालायला चाक काढलं की ब्रेकच्या लिव्हरला कोणाचाही हात लागता कामा नये. मध्ये डिस्क नसताना हायड्रॉलिक लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घालून ठेवा, नसला तर पुठ्ठ्याची जाड घडी. मदतीला येणाऱ्या घरच्यांकडून हेच सगळ्यात जास्त वेळा होतं, तेव्हा निघण्याआधी सगळ्यांना एकदा करून दाखवा.

स्पोक बहुतेक वेळा मागच्या चाकाचे, कॅसेटच्या बाजूचे तुटतात. त्या बाजूला ताण जास्त असतो आणि ताण असमान असला की हबजवळच्या वळणावर धातू थकतो. निघण्याआधी चाकं चांगल्या कारागिराकडून ताण मोजून सारखी करून घ्या. एक स्पोक तुटला तर तो शेजारच्याला गुंडाळा, चाक फ्रेमला घासत नाही ना ते बघा आणि सावकाश गाडीपर्यंत या. एक बदलून दोन दिवसांत दुसरा तुटला, तर प्रश्न सगळ्या चाकाचा आहे. तेव्हा तयार चाक चढवा.

चेन: गेजवर ती ०.५ टक्के लांबलेली दिसली की बदला. ११ स्पीडला ०.७५ पर्यंत थांबलात तर कॅसेटही झिजते आणि मग नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारते. कोरड्या रस्त्यावर दर २००-२५० किमीला पुसून तेल, पावसात रोज संध्याकाळी. तेल प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने. दहा मिनिटं पेडल उलटं फिरवत बसायची गरज नाही. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं.

टायर: मागचा लवकर झिजतो कारण वजन आणि ताकद दोन्ही तिकडे. निम्म्या प्रवासात बदलायची वेळ आली तर नवा टायर पुढे चढवा, पुढचा मागे न्या आणि मागचा झिजलेला काढून टाका. चांगला टायर कायम पुढे, कारण मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा घसरला तर माणूस पडतोच.

धीमी गती

वरच्या प्रतिसादात पंक्चरची भर घालतो. हमरस्त्याच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरांचे तुकडे पडलेले असतात. त्यांतल्या केसाएवढ्या पोलादी तारा सायकलच्या टायरमध्ये घुसतात. बाहेरून दिसत नाहीत, बोटाला लागत नाहीत, आणि नवी ट्यूब तासाभरात पुन्हा बसते. उपाय असा: टायरच्या आतून कापसाचा बोळा गोल फिरवायचा. तार असेल तिथे कापसाचे धागे अडकतात. मग बारीक चिमट्याने ती आतून ओढायची. चिमटा सायकलवरच्या पिशवीत हवा, गाडीत असून उपयोग नाही.

भोकाची जागा कारण सांगते. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा तार अजून टायरमध्ये आहे. टायर बसवताना व्हॉल्व्ह टायरवरच्या अक्षरांच्या समोर ठेवायची सवय असली की भोकावरून टायरमधली जागा लगेच सापडते.

मीठपाणी

खाणं आणि शरीर यावर.

चालवताना तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हा पाया धरा. पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण ती सवय निघण्याआधी सहा-आठ आठवडे लावावी लागते. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, तेव्हा तासाला एक केळं पुरत नाही. पहिल्या अर्ध्या तासापासून दर २०-२५ मिनिटांनी थोडं थोडं खा. भूक लागल्यावर खायला घेतलं की उशीर झालेला असतो. गोड दिवसभर जात नाही. तिसऱ्या दिवसानंतर जीभ कंटाळते. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, पाव, खारवलेला भात असं काहीतरी गाडीत असू द्या. शिजवलेला भात गरमीत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही. त्यात वाढणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि पोट बिघडलं की दोन दिवस गेलेच. बर्फाच्या पेटीत थर्मामीटर ठेवा, ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली, उन्हात त्याहून जास्त, तहान बघून. एक लिटरला पाव छोटा चमचा मीठ (साधारण दीड ग्रॅम, म्हणजे सुमारे ६०० मिलीग्रॅम सोडियम) हे दिवसभराच्या बाटलीला ठीक. जुलाब झाले तर प्रमाण वेगळं: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

नुसतं साधं पाणी भरमसाठ पिणं हाही धोका आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मग गोंधळल्यासारखं बोलणं. हे पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं आणि घरचे काळजीने आणखी पाणी पाजतात. फरक ओळखायचा मार्ग वजन. छोटा वजनकाटा गाडीत ठेवा, निघताना आणि पोहोचल्यावर वजन करा. दोन टक्क्यांपर्यंत घटलं तर चालतं, त्याहून जास्त घटलं तर दुसऱ्या दिवशी पिणं वाढवा. वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय. वजन वाढलेलं आणि बोलण्यात गोंधळ दिसला तर थेट दवाखाना.

उष्माघाताची खूणही बोलण्यातच दिसते: असंबद्ध उत्तरं, तोल जाणं, अंग भाजल्यासारखं गरम. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. कपडे सैल करून आधी थंड पाण्याने गार करा, मान, काखा, जांघा, जमेल तर सगळं अंग पाण्यात. गार करणं सुरू ठेवूनच दवाखान्यात न्या.

सीटचा त्रास: चालवून झाल्यावर पॅडच्या चड्डीत बसून गप्पा मारू नका. पोहोचल्यावर पंधरा मिनिटांत चड्डी बदलून अंघोळ. तीन चड्ड्या हव्यात: एक अंगावर, एक धुतलेली, एक वाळत. ओली चड्डी सकाळी घालणं म्हणजे केसतुडाला आमंत्रण. साल निघाल्यासारखं वाटलं त्याच संध्याकाळी सीटची उंची आणि तिरकेपणा तपासा. एकाच बाजूला घासत असेल तर बहुधा सीट उंच झाली आहे आणि कंबर डुलते आहे. दुखरी, लालसर गाठ आली तर एक दिवस पूर्ण विश्रांती. ती फोडायची नाही.

गुडघा पुढून, वाटीपाशी दुखला तर सीट खाली आहे किंवा जड गिअर ओढताय. मागून दुखला तर सीट वर आहे. बदल एका वेळी ३-४ मिमीच करा आणि सीटपोस्टवर टेपने खूण ठेवा, कारण गाडीत घालताना सीट खाली केली जाते आणि परत अंदाजाने लावली जाते. गुडघेदुखीचं हे कारण कुणाच्या लक्षात येत नाही. पेडल मिनिटाला ८०-९० फेरे फिरतील असा गिअर ठेवा. गाडी असल्याने सामान नाही, तरी घाटासाठी मागे ३४ दातांची कॅसेट हवीच.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या त्या कडेची नस दबते आहे. दर दहा मिनिटांनी हँडलवरची हातांची जागा बदला, मनगट मागे मोडू देऊ नका, आणि सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना बघा. झुकलं असेल तर सगळं वजन हातांवर येतं. सकाळी उठल्यावरही बधिरपणा राहिला तर दोन दिवस थांबा. अशा हाताने ब्रेक नीट दाबला जात नाही.

दूरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप कामाचं मिळालं. दोन शंका. नेटवर्क नसताना चुकामूक झाली तर काय करायचं? आणि एखाद्या दिवशी मध्येच थांबून गाडीत बसावं लागलं, तर प्रवास अखंड राहावा म्हणून काय करतात?

मागची गाडी

मी गाडीच्या बाजूने लिहिते.

चुकामूक बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: गाडी पुढे आहे की मागे, हे सायकलवाल्याला कळत नाही. गाडी खरेदीला आत वळते, तेवढ्यात सायकल पुढे निघून जाते, आणि मग दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. तीन नियम पाळले तर हे टळतं.

एक, भेटीची जागा खुणेसकट आधी ठरलेली आणि दोघांच्या फोनवर ऑफलाइन नकाशात टाकलेली. नुसतं ‘पुढच्या गावात’ चालत नाही. दोन, त्या जागी जो आधी पोहोचेल तो थांबेल. गाडी दिसली नाही तरी सायकल पुढे जाणार नाही, आणि गाडी दिसली तर आतल्या माणसाशी बोलल्याशिवाय सायकल तिला ओलांडणार नाही. तीन, अपेक्षित वेळेनंतर ४५ मिनिटं झाली की गाडी त्याच रस्त्याने उलटी येईल. म्हणून सायकलवाल्याने ठरलेला रस्ता कुठल्याही कारणाने सोडायचा नाही, जवळची वाट दिसली तरी. गाडीला ठरलेला रस्ता सोडून कुठे जायचं असेल तर निघण्याआधी लेखी निरोप. गाडीवर मोठं भडक रंगाचं कापड लावा, तीनशे मीटरवरून दिसेल असं.

सायकलसाठी आखलेला मार्ग गाडीने एकदा नकाशावर तपासून घ्या. सायकल जाते ते अरुंद पूल आणि कच्च्या पायवाटा गाडीला बंद असतात. त्या तुकड्यांत सायकलवाला एकटा असतो, तिथे पाणी जास्त द्यायचं.

सायकल मागच्या रॅकवर लावणार असाल तर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना बघा.

अखंडतेचं उत्तर सोपं आहे. जिथे थांबलात तिथे पिन टाका आणि न हलणाऱ्या खुणेचा फोटो काढा, किलोमीटरचा दगड, पुलाचा कठडा, काहीही. दुसऱ्या दिवशी गाडीने तिथेच परत सोडायचं आणि तिथूनच सुरुवात. पण मुक्काम त्या जागेपासून ३०-४० किमीच्या आत घ्या. नाहीतर रात्री ८० किमी जाणं आणि पहाटे ८० किमी परत येणं गाडीवाल्याच्या झोपेतून कापलं जातं.

आता घरच्यांबद्दल, कारण प्रश्न तोही होता. सायकलवाल्याचा विश्रांतीचा दिवस हा गाडीवाल्याच्या कामाचा दिवस ठरतो. साठलेले कपडे, खरेदी, गाडीचं तेलपाणी, सायकलची धुलाई सगळं त्याच दिवशी येतं. म्हणून त्या दिवशी अर्धी कामं सायकलवाल्याने करायची आणि दुपारनंतर गाडीची किल्ली कुणीच हातात घ्यायची नाही. शक्य असेल तर मधल्या दहा-बारा दिवसांसाठी दुसरा चालक येईल असं बघा, भाऊ, मेहुणा, कुणीही. वडिलांना एक ठरलेलं काम द्या: रोजचं वजन, पाणी, अंतर आणि दुखणं वहीत लिहिणं. चार दिवसांच्या नोंदी शेजारीशेजारी दिसल्या की घसरण आधी कळते. मुलीला भेटीच्या जागी बाटल्या भरायचं काम द्या, पण दर तिसऱ्या दिवशी तिच्या आवडीचा एक थांबा ठेवा, मग सायकल अर्धा तास उशिरा निघाली तरी चालेल. तिला दिवसभर गाडीत बसून वाट बघायची आहे, हे तुमच्या सहा तासांइतकंच अवघड आहे.

आणि थांबण्याचा निर्णय कोणाचा, हे निघण्याआधी कागदावर लिहा. ताप, डोक्याला मार (हेल्मेट फुटलं नसलं तरी), बोलण्यात गोंधळ, छातीत दुखणं, अंधार पडणं: यांतलं काहीही झालं तर त्या दिवसाचा निर्णय गाडीत बसलेल्याचा, आणि सायकलवाल्याने वाद घालायचा नाही. थकलेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही, आणि रस्त्याकडेला उभं राहून वाद घालायची वेळ बायकोवर येऊ देऊ नका.

निघण्याआधी तीन दिवसांची रंगीत तालीम करा. सलग तीन दिवस, रोज ९० किमी, गाडी, वडील, मुलगी, बर्फाची पेटी, सगळं घेऊन. सायकलचा सराव एकट्याने होतो, पण भेटीच्या जागा चुकणं, सामान कुठल्या पेटीत आहे ते न सापडणं, दुपारी गाडीत किती तापतं, हे फक्त तालमीत कळतं.

अ‍ॅलनकी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक राहिलं होतं. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणारे बरेच जण शेवटी समुद्रात चाक बुडवतात. फक्त टायर आणि रिम ओली होऊ द्या, हब आणि डिस्क पाण्याबाहेर राहू दे. गाडीत पाच लिटर गोडं पाणी आधीच भरून ठेवा आणि तिथल्या तिथे सायकल धुऊन चेन पुसून तेल घाला. खारं पाणी आणि वाळू रात्रभर राहिली तर स्पोकच्या निपलांना आणि चेनला गंज धरतो. शेवटचा टप्पा ५०-६० किमीच ठेवा, म्हणजे दुपारपूर्वी पोहोचाल आणि हे सगळं उजेडात होईल.

दूरवाट

पाच लिटर पाणी यादीत घेतलं. ३७ दिवसांचा नवा तक्ता करतोय, या वेळी बायकोचा रकाना पहिला. तालमीची तारीख ठरली की टप्पे आणि भेटीच्या जागा इथे टाकतो, डोळ्याखालून घाला.